दमा तर आहेच. सोबत आणखी काही आहे का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही निफाड तालुक्यातले, घरचा कांदा आहे. आईला लग्नाच्या आधीपासून दमा आहे. आता तिचं वय 49. पंप घेते, पावसाळ्यात आणि थंडीत थोडं वाढतं, पण आजवर घर आणि शेत दोन्ही तिनेच सांभाळलं. गेल्या वर्षी श्रावणात खोकला खूप वाढला, संध्याकाळी कणकण यायला लागली, वजन तीन किलोने उतरलं. एक्स-रेत उजवीकडे वरच्या बाजूला डाग दिसला. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा टीबीचे जंतू सापडले नाहीत. तरी टीबीच असणार म्हणून सहा महिन्यांचा कोर्स दिला. मध्ये दोन-तीनदा दम फार वाढला तेव्हा पाच-पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या दिवसांत आई एकदम मोकळी व्हायची. कोर्स संपला, डाग गेला. आम्हाला वाटलं, सुटलो.

यंदा जूनमध्ये पुन्हा तेच. या वेळी डाग डावीकडे आहे. खोकल्यातून तपकिरी, घट्ट, चिंचोक्याएवढे तुकडे पडतात आणि ते पडले की तिला बरं वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांनी टीबी उलटला म्हणून पुन्हा औषधं लिहून दिली आहेत, अजून सुरू केलेली नाहीत. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 10,200 आणि इओसिनोफिल 14 टक्के आहेत. माझा मावसभाऊ फार्मसीला आहे. तो म्हणतो, दमेकऱ्यांना कधीकधी फुफ्फुसात बुरशीचा दुर्मीळ आजार होतो, तो तपासा. बुरशी म्हटल्यावर 2021 सालची काळी बुरशी आठवून आई रडायला लागली. गावात तिचं ताट-पेला वेगळा ठेवायला सांगतात. बायोप्सी करावी लागेल का? खर्च झेपेल का? आणि माझं लग्न ठरतंय, हा आजार आनुवंशिक आहे का असं समोरच्यांनी विचारलंय. काय करू?
— एक मुलगी, निफाड

उत्तर : तुमच्या मावसभावाची शंका रास्त आहे. आईची छाती मी ऐकलेली नाही, फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे निदान मी इथून करणार नाही. पण तुमच्या पत्रात पाच गोष्टी अशा आहेत की त्या एकत्र आल्यावर छातीच्या कोणत्याही डॉक्टरने थांबून विचार करायला हवा : जुना दमा, जागा बदलणारा डाग, तपकिरी घट्ट तुकडे, स्टिरॉइडने लगेच पडणारा उतार आणि रक्तातले वाढलेले इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्यामुळे टीबीचा दुसरा कोर्स सुरू होण्याआधी काही तपासण्या झाल्याच पाहिजेत. त्या कोणत्या, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी, ते सांगते.

मावसभाऊ ज्याबद्दल बोलतोय त्याचं पूर्ण नाव ॲलर्जिक ब्राँकोपल्मोनरी ॲस्परजिलोसिस. आम्ही बोलताना एबीपीए म्हणतो. 1952 साली ब्रिटनमधल्या हिन्सन, मून आणि प्लमर या तिघांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. ॲस्परजिलस ही बुरशी सगळीकडे असते : कुजलेल्या पाचोळ्यात, भुश्श्यात, खताच्या खड्ड्यात, ओल आलेल्या भिंतीवर, साठवणीतल्या धान्यात. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे श्वासाबरोबर थेट खोलवर जातील इतके बारीक. तुम्ही, मी, हा मजकूर वाचणारे सगळे ते रोज आत घेतो आणि आपलं शरीर ते बाहेर काढून टाकतं. दमेकऱ्याच्या श्वासनलिकेत मात्र चिकट कफ असतो. त्यात हे बीजाणू अडकतात आणि काही जणांमध्ये तिथेच रुजतात. मग शरीर त्यांच्याविरुद्ध अतिरेकी ॲलर्जीची प्रतिक्रिया देतं. आयजीई नावाची प्रतिपिंडं प्रचंड वाढतात, इओसिनोफिल पेशी गोळा होतात, कफ घट्ट होऊन नळीत बूच बसतं. त्या बुचापुढच्या फुफ्फुसाच्या भागात हवा नीट जात नाही आणि एक्स-रेत डाग दिसतो. बूच खोकल्यातून सुटलं की डाग जातो. पुढच्या वेळी ते दुसऱ्या नळीत बसतं आणि डाग दुसरीकडे उगवतो.

आईचे तपकिरी तुकडे पडल्यावर तिला बरं वाटतं ते यामुळे असू शकतं.

आता काळ्या बुरशीबद्दल, कारण आईची भीती आधी घालवायला हवी. 2021 मध्ये आपण जी पाहिली ती म्युकरमायकोसिस. ती बुरशीच वेगळी. ती मांस, हाडं, रक्तवाहिन्या पोखरत जाते आणि बहुतेक वेळा अनियंत्रित मधुमेह किंवा कमजोर झालेली प्रतिकारशक्ती तिला वाट देते. एबीपीएमध्ये बुरशी नळीतल्या कफात बसलेली असते, फुफ्फुस पोखरत नाही. त्रास होतो तो शरीराच्या ॲलर्जीने. आजार दीर्घ आहे, उलटतो, दुर्लक्ष केलं तर श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. पण औषधाने बहुतेक जणांना चांगला उतार पडतो. आईला हे आज रात्री सांगा, रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. ‘बुरशी’ हा एकच शब्द ऐकून ती जितकी घाबरली आहे तितकं घाबरण्याचं कारण या आजारात नाही.

आणि ताट-पेल्याचं. याचा मला मनापासून राग येतो, तुमच्यावर नव्हे, या रिवाजावर. एबीपीए एकाचा दुसऱ्याला होत नाही. टीबीसुद्धा ताटावाटीतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवणं आणि खोकताना तोंडावर रुमाल धरणं हे त्यात उपयोगाचं. उद्यापासून आईचं ताट सगळ्यांच्या पंगतीत लावा. शेजारच्यांना माझं नाव सांगा.

‘दुर्मीळ’ या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुमच्या डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद बहुधा तोच असेल : असले आजार पुस्तकात असतात. रस्त्यावरच्या शंभर माणसांत शोधलं तर एबीपीए दुर्मीळच. पण प्रश्न रस्त्यावरच्या माणसांचा नाही. मोठ्या रुग्णालयांच्या दमा विभागात येणाऱ्या रुग्णांत शोध घेतला तेव्हा साधारण दहांत एकाला तो सापडला आहे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेने यावर कित्येक वर्षं काम केलंय. आज जगभरचे डॉक्टर निदानाचे जे निकष वापरतात, त्यांच्या 2024 च्या सुधारित आवृत्तीचे प्रमुख लेखक तिथलेच डॉ. रितेश अगरवाल आहेत. म्हणजे हा परदेशी पुस्तकातला आजार नाही. आपल्याकडे तो टीबी समजून उपचार झालेल्या रुग्णांच्या नोंदीही भरपूर आहेत. खोकला, कणकण, वजन घटणं, वरच्या भागात डाग, हे सगळं टीबीसारखंच दिसतं. आणि आपल्या देशात टीबी इतका आहे की छातीत डाग दिसला की पहिला विचार त्याचाच येणार. तो यायलाच हवा. माझा आक्षेप फक्त दुसऱ्या वेळेला आहे : जंतू सापडले नाहीत, डागाने बाजू बदलली, तरी तोच विचार पुन्हा, नव्याने न तपासता.

‘पण टीबीच्या गोळ्यांनी डाग गेला ना?’ असं तुम्हाला कुणीतरी म्हणेल. गेला हे खरं. गोळ्यांनीच गेला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. एबीपीएचे डाग आपोआपही जातात. शिवाय त्याच सहा महिन्यांत आईला दोन-तीनदा स्टिरॉइड मिळालं आणि एबीपीएवर स्टिरॉइड हेच तर मुख्य औषध आहे.

आता काम. आधी घरातली फाइल काढा. आईचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावा. तज्ज्ञाला नुसते रिपोर्टचे कागद पुरत नाहीत, फिल्म लागतात, आणि मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो पुरत नाही. गेल्या वर्षीची आणि यंदाची फिल्म शेजारी शेजारी धरली की डाग सरकला हे शिकाऊ डॉक्टरलाही दिसेल. मग जुने रक्ताचे रिपोर्ट. दम्याच्या रुग्णाच्या घरात हिमोग्लोबिनसाठी, डेंग्यूच्या संशयाने, ऑपरेशनआधी केलेले असे पाच-सात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, हमखास सापडतात. त्या प्रत्येकात इओसिनोफिलचा आकडा फुकट छापलेला असतो आणि कुणी वाचलेला नसतो. टक्क्यांवर जाऊ नका, प्रत्यक्ष संख्या काढा. आईच्या 10,200 पेशींचे 14 टक्के म्हणजे 1,428. साधारणपणे 500 च्या आत असायला हव्यात. निकषांतही हीच 500 ची रेघ आहे. त्या रक्ततपासणीच्या आधीच्या आठवड्यांत आईने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या का, तेही कागदावर लिहा. स्टिरॉइडने इओसिनोफिल झपाट्याने खाली येतात आणि रिपोर्ट फसवा दिसतो.

यानंतर छातीविकारतज्ज्ञ गाठा. नाशिक तुम्हाला जवळ आहे. खासगीत जमत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा छातीविकार विभाग. पुण्याला ससून, मुंबईला केईएम किंवा जेजे. तिथे गर्दी असते, दिवस जातो, पण हे आजार रोज पाहणारी माणसं तिथेच असतात.

चांगला तज्ज्ञ सगळ्यात आधी आईला तुमच्यासमोर पंप घेऊन दाखवायला सांगेल. हा वेळकाढूपणा समजू नका. दमा आटोक्यात नसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण कुठलाही दुर्मीळ आजार नसून चुकीच्या पद्धतीने घेतलेला पंप हे असतं. दाबण्याचं आणि ओढण्याचं जुळत नाही, श्वास रोखला जात नाही, रोज घ्यायचा पंप बरं वाटलं की बंद होतो. ते नीट असूनही त्रास वाढतो आहे, एवढं पक्कं झालं की पुढे जायचं. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, त्याच दिवशी होते. बोटांची टोकं फुगली आहेत का, नखं गोल झाली आहेत का, हेही पाहतील. नुसत्या दम्याने तसं होत नाही. तसं दिसलं तर नळ्या रुंदावल्या आहेत किंवा दुसरं काही आहे, याची ती खूण असते.

मग रक्त. पहिली तपासणी : ॲस्परजिलस फ्युमिगेटससाठीची विशिष्ट आयजीई. 0.35 किंवा जास्त आली तर शरीर या बुरशीला ओळखतं असा अर्थ. इथेच गाडी थांबवायची नाही. आपल्याकडच्या पुष्कळ दमेकऱ्यांमध्ये ही तपासणी पॉझिटिव्ह येते आणि त्यांना एबीपीए नसतो. म्हणून दुसरी : रक्तातली एकूण आयजीई. 500 किंवा त्याहून जास्त असायला हवी. काही लॅबचे कागद आणि काही डॉक्टर अजून 1,000 हा जुना आकडा धरतात. 2024 च्या निकषांत तो 500 वर आणला गेला, हे लक्षात असू द्या. या दोन्ही जुळल्या, तर पुढच्या तिन्हींपैकी कोणत्याही दोन लागतात : बुरशीविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं, 500 च्या वर इओसिनोफिल, आणि सीटी स्कॅनवरच्या खुणा. इओसिनोफिलची अट आईच्या बाबतीत आजच पुरी झालेली दिसते, पण तीच संख्या इतरही कारणांनी वाढते, त्यामुळे बाकीच्यांची जागा ती घेत नाही.

सीटी छातीची, पातळ कापांची, म्हणजे एचआरसीटी. त्यात रुंदावलेल्या नळ्या दिसतात, बुचं दिसतात. कधीकधी त्या बुचातला कफ पाठीच्या स्नायूंपेक्षाही जास्त पांढरा, घन दिसतो. तो दिसला तर शंकेला जवळपास जागा उरत नाही. सीटी काढणाऱ्याला चिठ्ठीवर ‘जुना दमा, एबीपीएची शंका’ असं स्पष्ट लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. काय शोधायचंय हे ठाऊक असलं की तो कफ किती घन आहे हे रेडिओलॉजिस्ट मुद्दाम मोजतो.

बायोप्सी लागत नाही. दुर्बीण, म्हणजे ब्राँकोस्कोपी, सगळ्यांना लागत नाही. थुंकी पुरेशी मिळत नसेल आणि टीबीचा निकाल लावायचाच असेल, किंवा बुचाने फुफ्फुसाचा मोठा भाग बसला असेल आणि औषधानेही उघडत नसेल, तेव्हा ती करतात.

खर्चाचं. आकडा मी देत नाही, लॅबपरत्वे फार फरक पडतो. पण पैसे कुठे वाया जातात ते सांगते. ‘ॲलर्जी पॅनेल’ नावाची मोठी पॅकेजेस विकली जातात, शंभर-दीडशे पदार्थांची यादी : वांगं, शेंगदाणे, दूध, झुरळ, मांजर. आईला त्याची गरज नाही. एका बुरशीची आयजीई आणि एकूण आयजीई, एवढं लिहून घ्या. त्या नॉर्मल आल्या तर आयजीजीचा खर्चही वाचेल. सीटी मात्र नवीन डागासाठी तशीही लागू शकते.

आणि टीबीची तपासणी. तुम्ही या पत्रावर विसंबून ‘आईला टीबी नाहीच’ असं धरून बसलात, तर माझं उत्तर वाया गेलं. दमेकऱ्याला टीबी होतो. तिची कणकण आणि घटलेलं वजन एबीपीएमध्ये बसतं तसं टीबीतही बसतं. बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या मशीनवर तपासायचा. सरकारी केंद्रात हे मोफत होतं आणि मशीनचा निकाल काही तासांत येतो. सकाळचा, खोल खोकून काढलेला बेडका द्या, लाळ नको. सोबत कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, नमुना जाऊ द्या. आईने एकदा टीबीची औषधं घेतलेली असल्याने कल्चर महत्त्वाचं आहे, कारण ही मशिनं मेलेल्या जंतूंचे अवशेषही कधी पकडतात. कल्चरमध्ये जिवंत जंतूच वाढतात. सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. हे सगळं स्टिरॉइडच्या लांब कोर्सआधी व्हायला हवं. टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो भडकतो. टीबी नसताना टीबीची औषधं दिली तर यकृतावर ताण येतो, सहा महिने जातात, आणि दरम्यान कफाची बुचं नळ्या रुंदावत राहतात. दोन्ही बाजूंनी नुकसान आहे, म्हणून अंदाजाला इथे वाव नको.

जंतू सापडले तर औषधं त्याच दिवशी सुरू करा आणि एकही डोस चुकवू नका.

या सगळ्यात एबीपीए निघालाच नाही तर? शक्य आहे. इओसिनोफिल वाढलेल्या दमेकऱ्यात माझ्या डोक्यात आणखी काही नावं असतात. पोटातले जंत, सर्वांत साधं कारण. शौचाची तपासणी स्वस्तात होते. हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा एक प्रकार आहे, त्यात रात्रीचा खोकला आणि इओसिनोफिल बरेचदा 3,000 च्या वर. विदर्भातल्या माणसांत मी तो आधी आठवते, निफाडमध्ये नंतर. दम्यासोबत सतत चोंदलेलं नाक, हातापायांना मुंग्या, पाऊल उचलताना लटकं पडणं, अंगावर लाल पुरळ असं असेल तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा ईजीपीए नावाचा आजार शोधावा लागतो, आणि त्यात उशीर परवडत नाही. आईला यातलं काही आहे का, ते नीट विचारा. बायका मुंग्यांबद्दल सांगत नाहीत, कामाने आल्या असतील म्हणतात.

इओसिनोफिल न वाढताही दम वाढणारे वेगळेच. पक्ष्यांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे, किंवा कुलरच्या ओल्या गवती जाळ्यांत वाढणाऱ्या बुरशीमुळे फुफ्फुसाच्या पेशीजालाला सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. भारतात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नोंदणीत 27 रुग्णालयांतले फुफ्फुसाचं पेशीजाल जाड करणाऱ्या अशा आजारांचे 1,084 रुग्ण होते आणि त्यांतल्या 47 टक्क्यांना हाच निघाला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कुलर होता. मुंबई-पुण्यातून हे सदर वाचणाऱ्यांसाठी लिहिते : वर्षानुवर्षं ‘दमा’ म्हणून पंप चालू आहे, पंपाने फरक पडत नाही, कोरडा खोकला आहे, जिना चढताना बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा चारेकांनी खाली येतो, आणि खिडकीच्या छज्जावर कबुतरांचं बिऱ्हाड आहे, तर डॉक्टरांना कबुतरांबद्दल स्वतःहून सांगा. ते विचारायला विसरू शकतात.

आणि ज्यांना पूर्वी खरोखर टीबी होऊन गेला, फुफ्फुसात पोकळी राहिली, त्यांच्या पोकळीत हीच ॲस्परजिलस वेगळ्या पद्धतीने वाढते. तिथे थुंकीतून रक्त हे मुख्य लक्षण असतं, तिथे आयजीजीची तपासणी पुढे असते, आणि स्टिरॉइड घातक ठरू शकतं. बुरशी तीच, उपचार उलटे. म्हणूनच मी तुम्हाला इथून औषध सांगत नाही.

एबीपीए निश्चित झाला तर उपचार साधारण चार महिन्यांचा : हळूहळू कमी करत नेलेलं तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड, किंवा इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध. कोणतं, ते आईची साखर, रक्तदाब, यकृत, हृदय आणि हाडं पाहून ठरेल. इट्राकोनॅझोल ठरलं तर तीन गोष्टी विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. पित्ताच्या गोळ्या सोबत चालतील का. कॅप्सूल असतील तर पोटातलं आम्ल कमी झाल्यावर त्या नीट शोषल्या जात नाहीत. पंपातलं औषध बदलायचं का. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप असेल तर हे औषध त्याचा अंश रक्तात साचवतं, आणि चेहरा सुजणं, वजन वाढणं सुरू होतं. आणि टीबीचं रिफाम्पिसिन घरात शिल्लक असेल तर ते चुकूनही सोबत जाऊ नये. त्याने इट्राकोनॅझोल जवळपास निकामी होतं.

दर दोन महिन्यांनी एकूण आयजीई तपासतील. ती नॉर्मल व्हायला पाहिजे असा आग्रह धरू नका, बहुतेकांची होतच नाही. पाचव्या हिश्श्याने तरी उतरली, लक्षणं आणि डाग कमी झाले, म्हणजे औषध लागू पडलं. उपचारानंतर जिथे आकडा स्थिरावेल तो आईचा स्वतःचा आकडा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण हा आजार बऱ्याच जणांमध्ये उलटतो आणि पुढच्या पावसाळ्यात तुलना त्याच आकड्याशी करायची असते.

कांद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मीच सांगते. चाळीतला सडका कांदा निवडणं, भुसा झाडणं, शेणखत उपसणं ही तीन कामं आईकडून काढून घ्या. कांद्यावर जी काळी बुरशी दिसते ती ॲस्परजिलसच्याच कुळातली आहे. आईच्या आजाराला कारण असणारी बहुधा तिची दुसरी जात असेल, पण सडक्या ढिगाऱ्यात दोन्ही एकत्र नांदतात. अगदीच जायची वेळ आली तर एन-95 मास्क, पदर नाही. बाकी शेत तिचं आहे, ते तिच्यापासून तोडू नका. माणसाला घरात बसवून ठेवणं हा फुफ्फुसाचा उपचार नाही.

तुमच्या आधीच्या दोन्ही डॉक्टरांशी भांडू नका. तालुक्याच्या ठिकाणी, शंभर रुग्णांच्या रांगेत, टीबीचा विचार आधी करणारा डॉक्टर वाईट नसतो. यंदाच्या डॉक्टरांकडे दोन्ही फिल्म आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन जा आणि एवढंच विचारा : ‘दमा आहे हे मान्य, पण त्यासोबत आणखी काही आहे का ते बघायला छातीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्याल?’ बहुतेक जण लगेच देतात. दोन-तीन ओळींत इतिहासही लिहून न्या : कधी काय झालं, कोणतं औषध, कशाने उतार. तुमचं मला आलेलं पत्र या कामाला उत्तम आहे, तेच पुढे करा.

वाट पाहताना एक मर्यादा पाळा. आईला एक वाक्य सलग बोलता येईनासं झालं, ओठ निळसर दिसले, बसल्या जागी ऑक्सिजन 92 च्या खाली गेला, किंवा खोकल्यातून निव्वळ रक्त आलं, तर अपॉइंटमेंट विसरा, जवळच्या मोठ्या रुग्णालयात रात्रीच न्या. रोजचा पंप या काळात बंद करायचा नाही. पंपातल्या स्टिरॉइडची मात्रा कमी असते, त्याने बहुधा या तपासण्या बिघडत नाहीत.

आता लग्नाचा प्रश्न. दमा आणि ॲलर्जी घराण्यात चालतात, हे तुम्हाला माहीत असेलच. एबीपीए तसा आईकडून मुलीकडे उतरत नाही. आईला आहे म्हणून मुलीला होणार असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. तुम्हाला स्वतःला दमा नसेल तर तुम्ही एकही तपासणी करून घेण्याची गरज नाही, आणि आईच्या छातीचे कागद स्थळाला दाखवण्याचं तर मुळीच कारण नाही. तुम्हाला दमा असेल आणि तो पंपाने आटोक्यात असेल, तरी आज काही करू नका. आटोक्यात नसेल, तर आईसोबत नाशिकला जाल तेव्हा तुमचंही नाव नोंदवा.